पहिल्या केमोत बहिणीजवळ बसताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. बहीण २६ वर्षांची, खानापूर तालुक्यात दिलेली, पदरात तीन वर्षांचं लेकरू. तुम्ही निपाणीकडचे. महिनाभर ताप आणि अंगावर निळे डाग, म्हणून बेळगावात दाखवलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला, एएमएल. दोन दिवसांत पहिली केमो सुरू होणार आणि तुम्ही व आई आळीपाळीनं थांबणार. काय बघायचं, काय खायला घालायचं, भेटायला कुणाला येऊ द्यायचं, आणि रक्त तुम्हीच दिलं तर चालेल का, असं विचारलंय. मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. डॉक्टर औषधाचं सांगतील, मी उशाजवळचं सांगते.

रक्ताचं आधी, कारण ते माणसं घाईघाईनं उरकून मोकळी होतात. तुमचं रक्त किंवा प्लेटलेट तिला देऊ नका. आईवडिलांचंही नको. एएमएलमध्ये पुढं बोन मॅरो (हाडांतला, रक्त तयार करणारा मगज) ट्रान्सप्लांटचा विषय निघू शकतो, आणि तेव्हा सगळ्यांत आधी सख्ख्या भावंडांची तपासणी होते. एका भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आत्ताच तुमच्या पेशी तिच्या अंगात गेल्या, तर तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून बसू शकतं आणि पुढं तुमचा मॅरो रुजताना अडचण येते. जिवाला चैनच पडत नसेल तर रक्तपेढीत रक्त द्या की, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. तिच्यासाठी गावातल्या तालमीच्या, गणेश मंडळाच्या पोरांची यादी करा. रक्तगट, फोन नंबर, बेळगावात किती वेळात पोचेल, एवढं लिहा. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे एकाच दिवशी दहा जणांना आणून उपयोग नाही. लागतील तसे एकेक यायला हवेत. मशीनवर प्लेटलेट देणाऱ्यानं आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, हेही सांगून ठेवा.

आता उपचाराचं. एएमएलची पहिली केमो बहुतेक ठिकाणी ‘सात-तीन’ असते: सायटाराबिन सात दिवस सलाईनमधून चोवीस तास, आणि पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन. तुमच्या रिपोर्टवर ‘एम-थ्री’ किंवा ‘एपीएल’ (एएमएलचाच एक प्रकार) लिहिलं असेल तर उपचार निराळा असतो, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. औषधं आठवड्यात संपतात, पण मुक्काम साधारण चार आठवड्यांचा धरा. नातेवाईक फसतात ते इथंच. सात दिवस झाले, उलट्या थांबल्या, पोरगी हसायला लागली की घरच्यांना वाटतं, सुटलो. खरी जोखीम त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेशी तळाला जातात आणि चौथ्याच्या आसपास वर यायला लागतात. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी तीनशे-चारशे दिसल्या म्हणून रडारड करू नका. औषधाचं काम तेच आहे. मॅरोत भरलेल्या खराब पेशी मारायच्या तर चांगल्याही काही दिवस जातात. तेवढे दिवस तिला सांभाळून न्यायचं, हेच तुमचं आणि आमचं काम.

पहिल्या तीन दिवसांत लघवीवर लक्ष ठेवा. खराब पेशी एकदम फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. म्हणून सलाईन भरपूर चालतं, ॲलोप्युरिनॉलची गोळी असते, रक्त पुन्हा पुन्हा काढतात. ‘सारखं रक्त काढून पोरीला वाळवलं’ म्हणून सिस्टरशी भांडू नका. मापाचं भांडं आणा, प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहा, प्यायलेलं पाणीही लिहा. लघवी कमी झाली, हातपाय किंवा तोंडाभोवती मुंग्या आल्या, छातीत धडधडलं, तर लगेच सांगा. आणि आपल्याकडं पेशंट म्हटलं की येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम असतं, केळ्यातही. या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत. शहाळं परत पाठवलं तर माणसं रागावतात, म्हणून तुम्हीच पिऊन टाका.

डॉनोरुबिसिन लाल असतं. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पण हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि मांस जाळतं. म्हणून दंडातून घातलेली पिक लाइन, म्हणजे लांब बारीक नळी, किंवा मोठ्या शिरेतली लाइन असली तर बरं. औषध चालू असताना सुईजवळ जळजळलं, टोचलं, फुगलं, तर तिनं तेव्हाच बोलायचं. आपल्या बायकांना सोसायची सवय असते, ‘थोडंच दुखतंय’ म्हणतात. आधीच तिला बजावून ठेवा, इथं सोसणं नको. सिस्टर येईपर्यंत सुई ओढून काढू नका, कारण त्याच सुईतून बाहेर गेलेलं औषध जमेल तेवढं परत खेचून घेतात.

आता तापाचं. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या की जंतूंशी लढायला अंगात कुणी उरत नाही. पू होत नाही, सूज येत नाही, लाली येत नाही, कारण हे सगळं करणाऱ्या पेशीच नाहीत. पुष्कळदा ताप ही एकच खूण उरते. तिच्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्या. सिस्टर त्यांच्या वेळेला बघतीलच, तरी मधल्या वेळेत अंग गरम लागलं, थंडी वाजली, तर तुम्ही बघा. १००.४ दिसलं की पाच मिनिटांत सिस्टरला सांगायचं. काखेत घेतलं तर आकडा थोडा कमीच येतो, त्यामुळे काखेत १०० आलं तरी गप्प बसू नका. हात लावून ‘कणकण आहे’ सांगू नका, आकडा दाखवा. रात्रीची सिस्टर विजापूरकडची असो की केरळची, आकडा सगळ्यांना वाचता येतो.

यानंतर काय व्हायला हवं, तेही माहीत असू द्या. लाइनमधून आणि हातातून कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायला, रक्त घेतात आणि तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. तास मोजायचा तो ताप दिसल्यापासून. रात्रीचे दोन असतील, डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात असतील, तुम्हाला ‘सकाळी बघू’ म्हणतील. तेव्हा नम्रपणे, पण तिथून न हलता विचारायचं: ‘सिस्टर, हिचे काउंट कमी आहेत, अँटिबायोटिक किती वाजता लागेल?’ त्यात उद्धटपणा काही नाही. मी ड्युटीवर असताना असं विचारणारा नातेवाईक मला आवडतो.

आणि तापाची गोळी स्वतःहून देऊ नका. डोलो आपल्याकडं प्रत्येकाच्या पिशवीत असते. ती दिली की आकडा उतरतो, जंतू मात्र रक्तात वाढत राहतात. चार तासांनी ताप पुन्हा चढतो तेव्हा बीपी पडलेलं असतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांनी बघितल्यावर. कधी ताप येतही नाही. हातपाय गार, बडबड विसंगत, श्वास जलद, ‘कसंतरीच होतंय’ एवढंच म्हणते, हेही तितकंच गंभीर धरा. लाइनमध्ये औषध ढकलल्यावर थोड्या वेळात हुडहुडी भरली तर तेही सांगा, लाइनमध्येच जंतू असू शकतात.

एक लाजेची जागा आहे, जिथं जंतुसंसर्ग लपतो. संडासच्या जागी दुखणं, चिरा, गाठ. बायका हे भावाला तर सोडाच, आईलाही सांगत नाहीत. आईनं रोज एकदा सरळ विचारायचं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, मल मऊ राहायचं औषध मागून घ्यायचं. गुदमार्गानं ताप बघणं, एनिमा, त्या बाजूनं ठेवायची गोळी, यातलं काहीच नको.

प्लेटलेटचं. निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात. तिच्या दहा हजारांच्या खाली गेल्या की रक्तस्राव नसला तरी सहसा चढवतात, ताप असला तर त्याआधीही. चढवल्यावर आकडा वाढलाच नाही असंही होतं, ताप आणि जंतुसंसर्गात त्या लवकर संपतात. पिशवी लावताना नाव, नंबर, गट सिस्टर मोठ्यानं वाचतात, तेव्हा तुम्हीही कान द्या. पहिली पंधरा मिनिटं तिच्याजवळून उठू नका. थंडी, खाज, कंबरदुखी, धाप यातलं काही झालं तर हाक मारा. पपईच्या पानांचा रस गावाकडून बाटलीतून येईल, गुळवेलीचा काढाही येईल. दोन्ही नकोत. केमोत आधीच यकृतावर ताण असतो आणि गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दुखण्यावर ब्रुफेन, डायक्लो, ॲस्पिरिन नको. स्नायूत इंजेक्शन नको. नाकातून रक्त आलं तर मान मागं टाकायची नाही. पुढं वाकून बसायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. अचानक जोराचं डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, एका डोळ्याला कमी दिसलं, तर वेळ घालवू नका. मेंदूत रक्तस्राव असू शकतो. काळी शी झाली तर तेही सांगा.

बाथरूमला एकटी सोडू नका. ओली फरशी, झिजलेली स्लीपर आणि चक्कर, एवढ्यावर डोकं आपटतं. अशी पडझड जिवावर बेतते.

पाळीचं तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. प्लेटलेट कमी असताना पाळी आली तर रक्त थांबत नाही. पाळी लांबवायच्या गोळ्या असतात. केमो सुरू व्हायच्या आधीच आईनं किंवा बहिणीनं स्वतः डॉक्टरांना विचारावं. मधे पाळी आलीच तर पॅड किती लागले ते मोजून सांगायचं. दिवस गेलेले नाहीत ना, ही तपासणीही केमोआधी झालेली हवी. पुढं मूल हवं असेल तर त्याचंही आत्ताच बोला. एएमएलमध्ये बायकांसाठी वेळ फार कमी असतो, तरी विचारलेलं असावं.

तोंड. औषध सुरू झाल्यापासून आठवडाभरात तोंड सोलवटतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. रोज नवीन करायचं, दर जेवणानंतर आणि झोपताना चूळ भरायची. इनो म्हणजे सोडा नव्हे. लहान मुलांचा मऊ ब्रश. हिरड्यांतून रक्त यायला लागलं की ओला कापूस किंवा गॉज. स्पिरिटचा वास येणारं माउथवॉश नको. जिभेवर पांढरा थर आला तर दाखवा, बुरशीचा असेल तर औषध आहे. आणि मशेरी. निपाणी तंबाखूचं गाव, आपल्याकडं किती बायका गुपचूप मशेरी लावतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. ती लावत असेल तर न रागावता विचारा. रागावलात तर चोरून लावेल, आणि सोललेल्या तोंडात तंबाखू म्हणजे जखमेवर जखम.

खाण्याचं पथ्य लोक फार कडक करतात. कच्ची फळं-भाज्या पूर्ण तोडल्यानं जंतुसंसर्ग कमी होतो, असं अभ्यासांत काही दिसलेलं नाही. स्वच्छता मात्र महत्त्वाची. ताजं शिजवलेलं, गरम, दोन तासांत संपणारं. मऊ भात-आमटी, नाचणीची गरम पेज, इडली, पूर्ण उकडलेलं अंडं, नीट शिजलेली कोंबडी, आणि रस्सा पांढराच, तांबड्यानं तोंड पेटेल. सोलून खायची फळं धुऊन, घरी सोलून. स्टँडबाहेरचा उसाचा रस, कापून ठेवलेलं कलिंगड, उघड्यावरची चटणी नको. ती खव्याचा कुंदा मागत असेल तर पेशी वर आल्यावर द्या. पाणी उकळलेलं. डबा गावाहून आणायची हौस नको, खानापूरहून बसनं येईस्तोवर तो डबा आंबतो. वॉर्डाचे नियम याहून कडक असले तर ते पाळा. चार घास गेले नाहीत म्हणून मागं लागू नका. उलटीचं औषध जेवणाआधी अर्धा तास मागून घ्या, आणि दर दोन तासांनी थोडंथोडं द्या.

भेटायला येणारे हा या सगळ्यातला अवघड भाग. सासरचे, माहेरचे, शेजारचे, वडापची जीप भरून येतात. आलं नाही तर बोल लागतो म्हणून येतात. त्यांना खालीच चहा पाजा आणि व्हिडिओ कॉल लावून द्या. वर एकच माणूस, हात धुतलेला, खोकला-सर्दी नसलेला, पलंगावर न बसणारा. तुमच्यापैकी कुणाला शिंक आली तर त्या दिवशी पाळी बदला. ताजी फुलं, हार, कुंडी खोलीत नको. सौंदत्तीचा भंडारा किंवा अंगारा कुणी आणेल. नाही म्हणून मन मोडू नका, पुडी घरच्या देव्हाऱ्यात ठेवा. तोंडात घालू नका आणि खोलीत उधळू नका. हातांचं मात्र कुणालाच सोडू नका, डॉक्टरांनाही. ‘सर, सॅनिटायझर’ एवढं म्हणायला हरकत नाही.

लेकराला भेटवायचं का? पेशी तळाला असताना नको. बालवाडीतली पोरं सर्दी घेऊन फिरतात, आणि गोवर-कांजिण्यांची साथ असेल तर मुळीच नको. पोलिओ रविवारी त्याला डोस पाजायच्या आधीही डॉक्टरांना विचारा. तोंडातल्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि पोराच्या शीतून बरेच दिवस बाहेर पडतो. इंजेक्शनवाली लस असते, ती चालते.

केमो चालू असताना आणि संपल्यावर ४८ तास लघवी, शी, उलटी हातमोजे घालून हाताळा, संडासावर दोनदा पाणी टाका, कपडे वेगळे धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करू नये. केस दोन-तीन आठवड्यांनी जातात. आधीच बारीक कापले तर उशीवर पुंजके बघायची वेळ येत नाही.

तुम्ही लिहिलंय, तिला ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलंय. माझं मत विचाराल तर सांगा. २६ वर्षांची बाई, हातात मोबाईल, शेजारच्या खाटेवर टक्कल पडलेली पेशंट, तिला कळणारच. तुमच्याकडून कळलं तर ती ताप, दुखणं, रक्त तुम्हाला वेळेवर सांगेल. डॉक्टरांसमोर, नवऱ्याला बरोबर घेऊन, मराठीत सांगा. संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करायच्या आधी वाचून समजावून मागा, तो तिचा हक्क आहे.

पैशाचं एवढंच: बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, तिचं सासरचं गाव यादीत आहे का बघा. दोन्हीकडं रुग्णालय योजनेत असावं लागतं, म्हणून रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिल्याच दिवशी जा.

पेशी वर आल्या की मॅरो पुन्हा तपासतात आणि घरी सोडतात. खानापूरच्या जंगलपट्टीतलं घर, पावसाळा, भिंतीला ओल, मागं गोठा. त्या भिंतीवरची बुरशी आणि गोठ्यातली धूळ तिच्या फुप्फुसाला नको. ओल नसलेली खोली द्या, शेणात-मातीत हात नको, नाहीतर पहिल्या काही फेऱ्यांपुरतं बेळगावात भाड्यानं राहा. रात्री १००.४ आलं तर कुणाची गाडी, ड्रायव्हर कोण, वॉर्डाचा नंबर काय, हे भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या फेरीत बहुधा सायटाराबिनचाच मोठा डोस असेल. त्यात डोळ्यांत थेंब घालावे लागतात, आणि सिस्टर डोस लावायच्या आधी रोज तिच्याकडून एका कागदावर नाव लिहून घेतील. तिला कंटाळा आला तरी लिहायला लावा. हे औषध लहान मेंदूवर गेलं तर अक्षर बिघडतं, आणि मग पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवावं लागतं.